मुळे काकूंचं क्वार्टर, नव्या आवृत्तीत

लांडगा थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला, तेव्हा मुळे काकू माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या.

"हा इथे कसा?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे लांडगे नव्हते."

मी गेम थांबवला. जवाहर चौकात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. गेम चालत नाही म्हणून अडुसष्ट वर्षांच्या बाईंनी रिक्षातून सीपीयू घेऊन येण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती.

गेम तलवारी आणि किल्ल्यांचा, बराच जुना. काकूंना त्यातल्या लढायांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या मुलाने, निखिलने, त्यात एक मॉड बनवला होता. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळणाऱ्यानेच घातलेली भर. कोणी नवे घोडे घालतं, कोणी नवं शहर. निखिलने किल्ल्यामागच्या माळावर टी. टी. नगरमधलं आपलं सरकारी क्वार्टर उभं केलं होतं. दोन खोल्या, जाळीचा व्हरांडा, दारात कडुनिंब. त्याचे बाबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. ते टेपने घर मोजायचे आणि हा स्क्रीनवर भिंती चढवायचा.

पुढे काका गेले. निखिल नोकरीसाठी परदेशी गेला. क्वार्टर पाडलं गेलं. काकू अरेरा कॉलनीत फ्लॅटमध्ये राहायला आल्या. रोज संध्याकाळी चहा झाला की त्या गेम लावून आपल्या घरात एक चक्कर मारायच्या. एवढंच. तलवार कधी उपसली नाही.

मग जुनं मशीन बंद पडलं. नवं मशीन मीच दिलं. जुना गेम त्यावर सुरूच होईना, म्हणून त्याची रीमास्टर आवृत्ती घातली. रीमास्टर म्हणजे तोच खेळ, आतलं इंजिन, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, बदलून नव्या मशीनसाठी पुन्हा बांधलेला. चित्रं सुरेख. काकू घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"अगं मृणाल, माळ आहे, पण घर नाहीये."

जुन्या हार्ड डिस्कवरून मी मॉडचा फोल्डर काढून नव्यात टाकला. गेम उघडताच बंद. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

"मॅडम, बोल दो नहीं चलेगा," माझा भागीदार इरफान म्हणाला. "पुराना मॉड है, नया इंजन है."

मी तसं सांगायला वळले. काकू पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. म्हटलं, चार दिवस द्या.

सगळ्या फाइली काढल्या आणि एकेक घालून बघितली. चित्रांच्या फाइली जुन्या पद्धतीच्या होत्या, त्या बदलून घेतल्या. गेम बंद पडायचा थांबला, पण भिंती झगझगीत जांभळ्या दिसायला लागल्या. तेही सुटलं. नकाशा नव्या आवृत्तीच्या एडिटरमध्ये, म्हणजे नकाशे बनवायच्या प्रोग्राममध्ये, उघडून पुन्हा सेव्ह केला आणि माळावर घर उभं राहिलं. काकूंना बोलावलं, आणि नेमका त्याच वेळी तो लांडगा आत आला. शिवाय एकही आतलं दार उघडेना.

दारं उघडणं, मूळ गेममधल्या लांडग्यांना घरापासून लांब ठेवणं, ही कामं स्क्रिप्ट करतात. स्क्रिप्ट म्हणजे गेमला लिहून दिलेल्या सूचना. निखिलच्या सूचना जुन्या इंजिनाच्या भाषेत बांधलेल्या होत्या. त्या बदलायच्या तर मूळ लिखाण हवं, आणि ते या फोल्डरमध्ये नव्हतं.

"ते निखिलकडे असेल," मी म्हटलं.

"त्याला विचारू नकोस."

"का?"

"मी अजून रोज तिथे जाते हे त्याला माहीत नाही. हे गेल्यानंतर त्याने ते उघडलंच नाही. एकदा विषय काढला, तर म्हणाला, आई, राहू दे ते."

दोन दिवसांनी काकूंनी कागदावर नंबर लिहून आणला. "तूच बोल. मला जमायचं नाही."

मी फोन लावला.

"तुमच्या आईंच्या मशीनवर एक जुना मॉड चालवायचा आहे. क्वार्टरचा."

निखिलने आधी आईचंच विचारलं.

"आई ते बघते?"

"रोज बघायच्या. आता बंद पडलाय."

"ते अर्धंच आहे, ताई. मागचं अंगण नाहीये त्यात. बाबा म्हणाले होते, रविवारी मोजू. मग हॉस्पिटल सुरू झालं."

फोननंतर चौथ्या दिवशी त्याच्या फाइली आल्या. सूचनांच्या मधेमधे त्याने स्वतःसाठी नोंदी लिहून ठेवल्या होत्या, मराठीच, पण रोमन अक्षरांत. 'बाबा म्हणतात दार साडेसहा फूट. पुन्हा मोजू.' 'बाबा म्हणतात खिडकी चुकली.' कामाला या नोंदींचा काही उपयोग नव्हता. तरी मी त्या काढल्या नाहीत.

लांडगे गेले. दारं उघडली. काकूंनी माउस हातात घेतला आणि पुढची खोली, स्वयंपाकघर असं करत मागच्या दाराशी आल्या. दार उघडलं. बाहेर नुसतं गवत होतं.

"अंगणाचं माप घ्यायचं राहिलं, असं निखिल म्हणाला," मी सांगितलं.

"मग मला विचारायचं की," काकू म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाडलंय मी ते."

त्यांनी दुकानातूनच मुलाला फोन लावला. तुळशीपासून नळापर्यंत पाच पावलं, कपडे वाळत घालायची तार हात वर केला की लागेल एवढी. मध्येच मला म्हणाल्या, "टेप आहे का गं? माझं पाऊल किती इंच, विचारतोय." त्या एक पाऊल टाकून थांबल्या आणि मी फरशीवर वाकून ते अंतर मोजलं. एकोणीस.

त्यानंतर महिनाभर मला काही काम उरलं नाही. दर रविवारी ती दोघं फोनवर अंगण बांधत होती. शेवटी एक फाइल आली, ती मी फोल्डरमध्ये टाकली. नव्या आवृत्तीत उजेड फार चांगला पडतो. संध्याकाळची उन्हं तुळशीवर आली होती. काकू बराच वेळ तिथे नुसत्या उभ्या होत्या, म्हणजे स्क्रीनवर. मग म्हणाल्या, "नळ जरा डावीकडे होता. सांगते त्याला."

नवी आवृत्ती घालण्याआधी जुन्या फोल्डरची नक्कल करून ठेवा, हे मी सगळ्यांनाच सांगते. कोणी ऐकत नाही. आता जुना मॉड घेऊन कोणी आलं, तर आणखी एक गोष्ट विचारते: बनवला कोणी, आणि तुमचं त्याच्याशी बोलणं आहे ना?