पोटाच्या बाई

"दुधाचं मंग सांग. आधी शेण कसं पडून राह्यलंय ते सांग."

पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी नवीन जालन्यातल्या एका लहानशा कारखान्याच्या बाकावर, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल घेऊन बसले होते. मुलाखतीला आले होते. पलीकडे कुणी शेतकरी ओशाळून आपल्या गाईच्या शेणाचं वर्णन करत होता आणि एका बाईचा आवाज त्याला सोडत नव्हता. "पातळ म्हंजे कसं? ताकासारखं का पिठल्यासारखं?" तो म्हणाला, पिठल्यासारखं. "मंग भिऊन राह्यला कशाला? हिरवा चारा दोन दिवस कमी कर. जा." तो गेला आणि मला आत बोलावणं आलं.

खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, तिच्यावर पांढरा कोट आणि पायात गमबूट. माझी फाइल त्यांनी उघडलीही नाही. "तुझं पोट कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी शाळेत शिकवल्यासारखं म्हणाले, "फाइन, मॅम." त्या खो खो हसल्या. "अगं, फाइन तर सगळेच म्हणतात. मंग दवाखान्यात गर्दी कोणाची असते? उद्यापासून ये, कॉन्व्हेंट." पुढची सगळी वर्षं माझं नाव कॉन्व्हेंटच राहिलं.

त्यांना सारा जिल्हा 'पोटाच्या बाई' म्हणायचा. भोकरदनकडच्या शेतकरी घरातून शिकून त्या जनावरांच्या डॉक्टर झाल्या होत्या. सरकारी नोकरी सोडून त्यांनी हा कारखाना काढला होता. तिथे विकरं बनायची. बाई मात्र 'एन्झाइम' म्हणायच्या. विकर म्हटलं की गिऱ्हाईक अर्थ सांगायची वाट बघत उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं. गव्हाचा कोंडा वाफवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर बुरशी वाढवायची आणि तिने सोडलेला रस काढून, वाळवून पावडर करायची. ती पावडर कापडाच्या गिरण्यांना जायची, सुताला लावलेली खळ धुऊन काढायला. बियाणं कंपन्यांना जायची, टोमॅटोच्या बियांवरचा बुळबुळीतपणा काढायला. थोडी बेकरीवाल्यांकडे, उरलेली जनावरांच्या खाद्यात. "बैलाच्या पोटात जे फुकट चालून राह्यलंय, तेच आपण ट्रेमध्ये खर्चा करून करतो," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

सकाळी आल्या आल्या त्या ट्रेंच्या रांगेतून वास घेत फिरायच्या. चांगल्या ट्रेला ताज्या अळंबीचा वास येतो, बिघडलेल्याला आंबूस. एकदा त्यांनी अख्खी बॅच फेकायला सांगितली. बियाणं कंपनीचा माणूस माल न्यायला दारात उभा होता. मी धीर करून म्हणाले की तपासणीत ती मर्यादेच्या आत आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी फेकायला लावली. मी हट्टाने त्यातला नमुना ठेवून पुढे वाढवून पाहिला. बॅच खरंच चालली असती. तसं सांगितल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "चालली असती. मी चालवली नसती." मला राग आला होता. पण त्यानंतर त्या कंपनीने दुसरीकडून कधी माल घेतला नाही, हेही मी पाहिलं.

दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र, कोंड्याच्या पोत्यांना टेकून करायचं असा त्यांचा नियम होता. डब्यात ताक नसलं की त्या आपल्या बरणीतलं ओतत. तिथे काम करणाऱ्या मंदाताईंचा मुलगा एकदा कसल्याशा तापातून उठला होता, पण औषधांच्या माऱ्यानंतर त्याचं पोट बिघडलं होतं. बाईंनी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तेव्हा घरच्या विरजणाचं दही रोज द्यायला लावलं. "औषध मारायचं काम बराबर करतं," त्या म्हणाल्या. "पण चोराबरोबर सगळं गावच मारलं, तर पुन्हा वसवायचं कोणी?" वसवणं हा त्यांचा लाडका शब्द. पोट बरं होत नाही, पोट वसतं.

त्या जेवणात मी गप्प असायचे. मी औरंगाबादला वाढले. वडील बँकेत होते, शाळा इंग्रजी. शाळेत माझं आडनाव हजेरीपुरतं होतं. वडिलांची बदली जालन्याला झाल्यावर कळलं की इथे आडनाव विचारतात तेव्हा त्यामागे आणखी एक प्रश्न असतो. आम्ही बौद्ध. घरी त्याचा अभिमान होता, बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर होता, पण घराबाहेर मी पहिलं नाव सांगून थांबायचे. राजूरच्या अलीकडच्या एका खेड्यात माझे सख्खे मामा शेती करतात, हेही मी कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी कधी विचारलं नाही. त्या पोटाव्यतिरिक्त कुणाला फारसं काही विचारतच नसत.

बाईंच्या जीपमध्ये दोन थर्मास असायचे. एक चहाचा. दुसऱ्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली. त्यात धडधाकट जनावराच्या पोटातला रस. तो बहुतेक वेळा जुन्या जालन्यातल्या खाटकाकडून ताजा, कोमट आणलेला असे. रवंथ बंद झालेल्या जनावराला तो पाजला की त्यातले जीव नव्या पोटात वस्ती करत. शेतकऱ्यांना त्याचा गुण माहीत होता, पण पाजण्याआधी हटकून कुणीतरी विचारायचं, "बाई, कोणाचं हाये हे?" बाई नळी साफ करता करता म्हणायच्या, "पोटाचं." एवढंच. पुन्हा विचारलं तरी, "सांगितलं ना, पोटाचं." त्या आवाजापुढे तिसऱ्यांदा कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. कारखाना त्यांच्या हयातीतच विकला गेला. शेवटी शेवटी त्या बहिणीकडे राहायच्या आणि भेटायला आलेल्या डॉक्टरलाही त्याचंच पोट कसं आहे ते विचारायच्या. मी पुण्यात विकरांच्याच एका कंपनीत आहे. यंत्रं मोठी, ट्रे जाऊन स्टीलच्या टाक्या आल्या, तरी सकाळी टाकीचं झाकण उघडलं की माझं नाक आधी पुढे जातं. नवी मुलं हसतात. हसू देत. पण बाईंचं नाव निघालं की मला कारखाना आठवत नाही, पोळ्याचा दुसरा दिवस आठवतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना उसंत नसे. सणाला बैल सजवून दारोदार फिरवतात, प्रत्येक घरची सुवासीण त्याला ओवाळून पुरणपोळी भरवते. नाही म्हणणं बैलाच्या हातात नसतं आणि मालकाच्या मनात नसतं. एरवी कडबा खाणाऱ्या पोटात एकदम एवढं गोड, एवढी कणीक गेली की ते आंबतं. त्या आंबटपणात पोटातले जीव मरतात, रवंथ थांबते आणि बैल आडवा होतो. "वर्षभर राबवतेत आन एका दिवसात मायेनं मारतेत," बाई दात खात म्हणायच्या.

त्या वर्षी सकाळीच अंबडकडच्या बैलांना पाजून लाल चिंधीचा थर्मास रिकामा झाला होता. दुपारी राजूरकडून निरोप आला आणि आम्ही निघालो. गाव जवळ आलं तशी मी जीपमध्ये मागे सरकून बसले. ते मामांचं गाव होतं.

बैल आण्णांचा होता. आण्णा म्हणजे गावातले जुने, मानाचे शेतकरी. बैलाचं नाव सोन्या. घरच्याच गाईचा, आण्णांनी वासरापासून वाढवलेला. रंगवलेली शिंगं तशीच होती, पाठीवरची झूलही कुणी काढली नव्हती. तो मान टाकून दात करकर वाजवत होता. बाईंनी डाव्या कुशीत मूठ दाबली; खळगा तसाच राहिला.

"किती खाऊ घातलं, आण्णा?"

"आता मोजतंय का कोणी, बाई? मानाचा बैल. साऱ्या गावानं भरवलं."

"साऱ्या गावानं मिळून मारलं म्हणा की."

आण्णांनी सोन्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. धोतराला लाळ लागत होती, त्याचं त्यांना भान नव्हतं.

बाईंनी नळी घालून पोटातलं पाणी काढलं. लिटमसचा कागद लाल झाला. मी सूक्ष्मदर्शक मांडून त्याचा आरसा उजेडाकडे वळवला. धडधाकट बैलाचा थेंब त्याखाली ठेवला की जत्रा दिसते. जीव धावतात, धडकतात, गोल फिरतात. बाईंनी आण्णांना बळंच डोळा लावायला लावला.

"काहीच हलून न्हाई राह्यलं," आण्णा म्हणाले.

"तेच तर. गाव उठून गेलंय." बाईंनी सोड्याच्या पाण्याने पोट धुवायला घेतलं. "धुऊन भागणार न्हाई. वसवायला जीव पाहिजेत, आन तेबी जल्दी. ज्याला काल पुरण मिळालं न्हाई असा बैल सांगा."

जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. "असा बैल आमच्या गावात न्हाई, बाई," एकजण जरा फुशारकीनेच म्हणाला. "पोळ्याला कोणता बैल उपाशी राह्यतो?"

मला माहीत होतं कोणता राहतो. लहानपणी सुट्टीत मी पाहिलं होतं. मामा बैल धुवायचे, शिंगं रंगवायचे, जोडी वेशीपर्यंत न्यायचे आणि तिथून घरी परतायचे. त्यांच्या बैलांना कुणी दारात बोलावत नसे, कुणी ओवाळत नसे. मी बाईंच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. कुणाचा आणि का, दोन्ही. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, थर्मास उचलला आणि म्हणाल्या, "चल."

मामा मला दारात पाहून चकित झाले. "तू? आन जीपमधी?" सगळं ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आमच्या बैलाला काही होनार न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई. उद्यापर्यंत भरून निघंल."

"मंग घ्या." मामांनी बैलाचा जबडा स्वतः धरला. रस फडक्यातून गाळून थर्मासमध्ये भरताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडं सांगू नका, बाई. त्याहीनं घेतलं न्हाई तर बैल फुकट मरंल. लई गुणी हाये सोन्या."

बाई म्हणाल्या, "मी कोणालाच सांगत नसते."

परत आलो. आण्णांनी विचारलं आणि बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. संध्याकाळी सोन्याला पहिल्यांदा रस पाजला. उद्या सकाळी आणि दुपारी पुन्हा द्यावा लागेल असं सांगून बाईंनी राजूरला ओळखीच्यांकडे मुक्काम केला. जेवताना त्या म्हणाल्या, "तुझा मामा मोठा माणूस हाये." मी मान हलवली. मामांचं 'सांगू नका' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आपला बैल देताना आपलं नाव लपवायची वेळ त्यांच्यावर आली होती, आणि मी तर काही न देताच ते लपवत होते.

सकाळी मामांकडून पुन्हा थर्मास भरून घेतला. आण्णांच्या गोठ्यात पोचलो तर सोन्या उभा होता. मान अजून खाली होती, पण जबडा हळूहळू हलत होता. रवंथ. बाईंनी सूक्ष्मदर्शक मांडायला लावला. थेंबात इकडेतिकडे दोन-चार जीव फिरत होते. आण्णांनी यावेळी आपण होऊन डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"आलं की हो गाव," ते म्हणाले. आवाज ओला होता.

बाईंनी दुसऱ्यांदा रस पाजला. "आजून हुरळू नका. दुपारचा डोस चुकला तर पुन्हा खाली बसंल."

तोपर्यंत बरीच माणसं जमली होती. मामाही आले होते; कुंपणाच्या बाहेर, बाभळीपाशी उभे होते. आण्णा घरात जाऊन नारळ आणि नवी टोपी घेऊन आले.

"बाई, आता तरी सांगा. कोणाच्या बैलानं दिलं हे? त्याच्या दारात जाऊन नारळ ठेवतो, मालकाला टोपी घालतो."

"पाटलाचाच असंल," कुणीतरी म्हणालं. "दुसऱ्या कोणाच्या जनावरात एवढा दम हाये?"

बाईंनी आता 'पोटाचं' म्हणायला हवं होतं. मी त्याची वाटच पाहत होते. पण त्या नळी पुसत राहिल्या. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नुसतंच, आणि पुन्हा नळी पुसू लागल्या. मामांनी मला दुरूनच नकाराची खूण केली. सोन्या चघळत होता. दुपारचा डोस बाकी होता.

माझा आवाज कधी मोठा निघत नाही. त्या दिवशी निघाला.

"माझ्या मामांच्या बैलाचं आहे, आण्णा. ते बघा, बाभळीपाशी उभे आहेत, ते माझे सख्खे मामा. आणि दुपारचंही मी त्यांच्याच बैलाचं आणणार आहे."