बोअरच्या पाण्यातल्या सरळ काड्या

चूक अशी: जीवाणूंचं खाद्य मी बोअरच्या पाण्यात केलं आणि वहीत ‘डिस्टिल्ड’ लिहिलं.

लातूरला आमच्या कॉलेजात डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र आहे. पण ते थंड ठेवायला नळ सतत सोडून ठेवावा लागतो, आणि आमच्याकडं नळ कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. म्हणून लॅबमधल्या शिपाईमामांनी यंत्र बंद करून वर फडकं टाकलेलं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणायचा मला कंटाळा. बोअरचं पाणी घेतलं आणि शुद्ध व्हावं म्हणून उकळून उकळून निम्मं आटवलं.

मामा तेव्हाच म्हणाले होते, “सर, ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. तुमी काय शिजवून राहिले?”

मी हसण्यावारी नेलं.

जीवाणू नांदेडचा होता. माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमनी दिलेला, मातीतला, निरुपद्रवी, पण मुद्दाम बिघडवलेला. धड असतो तेव्हा तो काडीसारखा दिसतो, कारण त्याची भिंत धान्याची कणगी विणावी तशी विणली जाते. विणणारे कारागीर पोटाभोवती गोल फिरत राहतात. त्यामुळं घेर तेवढाच राहतो आणि लांबी वाढते. कारागिरांना वाट दाखवणारं एक प्रथिन असतं, तेच ह्याच्यात नव्हतं. मग लिंपण कुठंही. काडीची टमटमीत गोळी होते आणि शेवटी फुटते.

माझ्याकडं मात्र एकही फुटली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सरळ काड्या, खडूसारख्या. बिघडलेला जीवाणू आपोआप सुधारला, आणि तोही माझ्या हातून! मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात कमिटी आहे. घेऊन या. इथं वाढवून दाखवा.” पीएच.डी.ला दोनदा मुदतवाढ घेतलेला माणूस मी. ह्या वेळी कमिटीला काही दाखवलं नाही तर नोंदणी रद्द, हे पत्र खिशातच होतं.

नळी शर्टाच्या वरच्या खिशात घालून एसटीनं नांदेडला आलो. मॅडमच्या लॅबमध्ये, मॅडमच्या खाद्यात जीवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळ्या गोळ्या.

काच बदलली. सूक्ष्मदर्शक बदलला. एसटीच्या धक्क्यांनी काड्या वाकल्या असतील, असंही एकदा मनात आलं, एम.एस्सी. झालेल्या माणसाच्या मनात. रोज नवीन सोडायचे, रोज गोळ्या. जेवण जाईना. मॅडम दारातून विचारायच्या, “काय म्हणतात काड्या?” मी म्हणायचो, “वाढून राहिल्यात.” कमिटीला दोन दिवस उरले तेव्हा मामांना फोन लावला.

“मामा, त्या बाटल्या तुम्ही कशानं धुतल्या होत्या?”

“धुतल्या नेहमीसारख्या. पण सर, खाद्य तर तुमी बोअरच्या पाण्यात केलं होतं की. पातेल्याला पांढरा थर बसलाय, अजून निघंना.”

फोन ठेवून वही उघडली. माझ्याच अक्षरात ‘डिस्टिल्ड’.

मॅडमसमोर जाऊन सांगितलं. पाण्याचंही आणि वहीचंही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मॅग्नेशियमच्या क्षाराची बाटली काढली, एका चंबूत मोजून टाकलं, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्हींत जीवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी एकात काड्या, दुसऱ्यात गोळ्या. मॅग्नेशियम भरपूर असलं की हा बिघडलेला जीवाणूही आकार धरून राहतो. नेमका कसा, यावर जाणकारांचा अजून वाद आहे. बोअरच्या जड पाण्यात मॅग्नेशियम असतंच, मी आटवून ते आणखी दाट केलं होतं.

“हे मला वाचून माहीत होतं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही ‘डिस्टिल्ड’ लिहिलंत, म्हणून मी तिकडं पाहिलंच नाही. कमिटीत दोन्ही चंबू ठेवा आणि वही उघडून सांगा.”

सांगितलं. नोंदणी राहिली, आजवरचे सगळे प्रयोग मात्र पहिल्यापासून, कॅनच्या पाण्यात.

लातूरला परतलो तेव्हा मामा तेच पातेलं घासत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

“सर, तुमच्यापरीस ते किडे बरे. पाणी बदललं तर एका दिसात कबूल झाले. तुमाला आठवडा लागला.”