अर्धा चंद्र पुरेल

मुलांना वाचनाची गोडी कशी लावायची, असं कुणी विचारलं की मला आपलं हसू येतं. शाळेचं पुस्तक मला उघडवतसुद्धा नसे. त्यातल्या पोरी रोज बागेत जायच्या. आमच्या घिवलीच्या किनाऱ्यावर कसली आलीय बाग! पण चुलीजवळच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी झपाटल्यासारखी वाचायचे, कारण माझा बाबा घरी कधी येणार ते त्यात होतं.

बाबा डोल जाळं लावायचा, वाहत्या पाण्याबरोबर मासे आपसूक आत शिरतात ते. पुनवेला, अवसेला उधाण, पाण्याला ओढ. तेव्हा तो होडीवर. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी मंद, तेव्हा घरी. म्हणून मी आधी तिथी वाचायला शिकले. मग त्याची रास. मग पान उलटलंच आहे तर मागच्या पाककृती, काढे, गाड्यांच्या वेळा, सगळंच. दुपारी लाटांचा आवाज येत राहायचा आणि मी कधी न खाल्लेली बासुंदी वाचत पडायचे. आई म्हणायची, "वाचून पोट भरतं काय गो?" भरायचं, खरंच.

चौथीत गॅदरिंगला मला धडा वाचायला मिळाला. तो बाबाने ऐकावा, एवढंच मला हवं होतं. आमच्या बाई साताऱ्याकडच्या, नवरा अणुवीज केंद्रात. शेजारी वीज तयार व्हायची तरी गावात दिवे जायचे, म्हणून बाईंनी चांदण्यासाठी पौर्णिमा धरली. म्हणजे बाबा समुद्रात.

दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर भिंतीवरून काढून शाळेत नेलं आणि अष्टमीवर बोट ठेवलं. "बाई, या दिवशी सगळ्यांचे बाबा घरी असतात."

बाईंनी त्या चौकोनापासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजले. "अगं, पण आठवडाभर आधी येतंय. धडा पाठ होईल का? आणि चंद्रही अर्धाच."

"पाठ कशाला, वाचेन की. अर्धा पुरेल, बाई."

पुरतोय कसला! अष्टमीच्या संध्याकाळी दिवे गेलेच. मैदान निळसर झालं होतं, समोर वाळूत सगळे बाप मांडी घालून बसलेले, आणि माझ्या पानावर नुसत्या मुंग्या. तेवढ्यात बाबा उठला आणि होडीवरचा कंदील घेऊन माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"वाच गो, मी हाय," म्हणाला.

मी वाचलं. त्याला अक्षर येत नव्हतं. ओळ कुठवर आली ते तो माझ्या डोळ्यांवरून ओळखायचा, आणि कंदील तेवढा खाली आणायचा.