भावोजींची स्पिरिटची शेगडी

माझे भावोजी चंद्रप्रकाश आरोलकर यांनी उभी नोकरी एका विमा कंपनीत लोकांचा निष्काळजीपणा शोधण्यात घालवली. कुणाच्या दुकानाला आग लागली की हे तिथे जायचे, जळक्या लाकडांत काठी घालून उकरायचे आणि चूक दुकानदाराचीच कशी होती ते साहेबांना पटवून द्यायचे. निवृत्तीनंतर उकरायला काही उरलं नाही, म्हणून ते बोरिवलीतल्या स्वतःच्या सोसायटीच्या मागे लागले. जिन्यात चपला नकोत, गॅलरीत कंदील नको, आरती करताना पडद्यापासून हातभर लांब उभं राहा. माझी थोरली बहीण कुंदा हिने या माणसाशी इतकी वर्षं संसार केला, त्याबद्दल सोसायटीने तिचा सत्कार करायला हवा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

अशा माणसाने बोट घ्यावी? घेतली. मढच्या एकाकडून जुनी, शिडाची, मधे खोपटाएवढी केबिन असलेली. त्यात दोन माणसं पाय दुमडून झोपू शकतात, भांडण झालेलं नसेल तर. ती त्यांनी गोराईच्या खाडीत जेटीला बांधून ठेवली आणि या बोटीने आपण वेंगुर्ल्याला आपल्या गावी जाणार, असं जाहीर केलं. वडील गिरणीत होते तेव्हा सुट्टीत सगळं कुटुंब आगबोटीने गावी जायचं, त्याची ती आठवण. पहाटे बंदर दिसायला लागलं की आई झोपेतून उठवायची, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. तेवढ्यावर मी त्यांची टर उडवत नाही. बाकी सगळं खुलं आहे.

मुलांनी कानावर हात ठेवले. मी तर स्पष्टच सांगितलं, "भावोजी, मी मुलुंडची. मला ठाण्याच्या तलावपाळीच्या होडीतसुद्धा मळमळतं." राहिली ताई. तिने एक अट घातली.

"आधी एक दिवस त्या बोटीवर गरम जेवण करून दाखवा," ती म्हणाली. "नीट पार पडलं तर मी वेंगुर्ल्यापर्यंत येते. नाही पडलं तर बोट विकायची. मग कुरकुर नाही करायची."

भावोजींना हे फारच सोपं वाटलं. ताई नाही म्हणाली असती तर ते एकटे गेले नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. सगळं आता त्या एका जेवणावर आलं होतं.

मग शेगडीची निवड सुरू झाली. लोक मुलाचं स्थळसुद्धा इतकं पारखत नाहीत. मी गेले की चहाच्या आधी व्याख्यान. "शकु, बोटीवर गॅस का नको, सांग बघू?" लगेच उत्तरही तेच द्यायचे. "कारण तो हवेपेक्षा जड. गळला की बोटीच्या तळाशी जाऊन बसतो, कळत पण नाही. एक ठिणगी पडली की वाट लागली!" रॉकेल धूर करतं. पंप मारायची स्पिरिटची शेगडी आधी तापवावी लागते आणि तापवतानाच भडकते. सरतेशेवटी त्यांनी बिनपंपाची निवडली. तिच्यात कापसासारखं काहीतरी भरलेला डबा असतो, स्पिरिट त्यात मुरतं, त्यामुळे बोट हलली तरी सांडत नाही. निवड चांगली होती, हे मान्य करायला हवं. माणसाची निवड करताना ताईने एवढी चौकशी केली नव्हती.

शेगडी आली आणि दिवाणखान्यात तिची प्रात्यक्षिकं सुरू झाली. खिडकी उघडी हवी, नाहीतर विषारी हवेने झोपेतच कारभार आटपेल. ही ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून विझली असं डोळ्यांनी ठरवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटत्या किंवा गरम शेगडीत स्पिरिट ओतायचं नाही. डबा काढायचा, गार होऊ द्यायचा, बाहेर नेऊन भरायचा. हे शेवटचं वाक्य ते बोट नाचवत म्हणायचे. ताई भाजी निवडत सगळं ऐकून घ्यायची.

ठरलेल्या रविवारी सकाळी आम्ही तिघं जेटीवर गेलो. ओहोटी होती, बोटीच्या चहूबाजूंनी काळा चिखल उघडा पडला होता. मी पुढच्या बाजूला वर चादर अंथरून बसले, शेजारी कांदे आणि पाण्याची बादली. माझ्या पायाशी केबिनच्या छताला एक उघडी झडप होती, डोकं आत जाईल एवढी. खाली ताई आतल्या बाजूला, भावोजी दाराशी, आणि दोघांच्या मधे फळीवर शेगडी. बांगड्याचं तिखलं करायचं ठरलं होतं. शेगडीत इंधन कमीत कमी असावं म्हणून भावोजींनी डबा अर्धाच भरला होता, बाकीचं स्पिरिट शेजारी एका छोट्या भांड्यात होतं. त्याचंही एक छोटं व्याख्यान झालं.

कांदा परतला, मसाला पडला, वास सुटला. ताईने वर बघून मला हसून मान डोलावली. मला वाटलं, गेले हे दोघं वेंगुर्ल्याला. तेवढ्यात उकळी बसायला लागली.

"मंदावली वाटतं," भावोजी म्हणाले. "जरा उचल गं कढई."

ताईने कढई उचलली. भावोजींनी शेजारचं स्पिरिटचं छोटं भांडं घेतलं आणि शेगडीत धार धरली.

"अहो, थांबा!"

आमच्याकडे देवापुढे समई असते. वात मंदावली की जळतीतच वरून तेल घालायचं, ती विझू द्यायची नाही. भावोजी रोज संध्याकाळी न चुकता ते करतात. सहा महिने तोंडाने जे घोकलं ते घशातच राहिलं आणि हाताने जन्मभराची सवय पाळली. ज्योत धारेवरून चढत भांड्यात शिरली. भावोजींनी भांडं फेकलं. पेटतं स्पिरिट फळीवरून खाली पसरलं, आणि दारातून येणाऱ्या भर उन्हात ज्वाळा धड दिसतही नव्हत्या. नुसती हवा थरथरत होती आणि फळीचा रंग काळा पडत चालला होता.

दावे खात्यातले आरोलकरसाहेब, सोसायटीचे सुरक्षाप्रमुख, क्षणात दाराबाहेर होते. नुसते बाहेर नाही. त्यांनी थेट खाडीत उडी मारली, आणि खाडी त्या वेळी खाडी नव्हती. मांड्यांपर्यंत चिखलात रुतून ते ओरडायला लागले, "मेलंय रे मेलंय! माका भायर काढा!" बोरिवलीचं प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेलं.

ताई आत होती. दाराकडे जायची वाट पेटलेली. मी झडपेत डोकं घालून ओरडले, "ताई, पाणी देऊ?" ती म्हणाली, "चादर भिजव आणि दे." आवाज अगदी रोजचा होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने आधी शेगडीवर परात उपडी घातली, मग भिजलेली चादर खालच्या आगीवर दाबून धरली, मग फळीवर. उजवं मनगट भाजलं. आग विझली, तिने कढई जागेवर ठेवली आणि मग तिथेच खाली बसली. मी दाराने आत शिरून तिला धरलं. माझ्या बहिणीला काही झालं असतं तर मी त्या माणसाला चिखलातून बाहेर येऊ दिलं नसतं.

बाहेर काढलं ते दोन कोळ्यांनी, दोर टाकून. फेरीबोटीतले लोक शूटिंग करत होते. परतताना एकही रिक्षावाला चिखलाने माखलेल्या भावोजींना घेईना, ते तेवढं बरं झालं. ताईला मी रिक्षाने दवाखान्यात नेलं आणि ते चालत घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीत कहाणी तयार झाली. "आगीत पहिलं काम स्वतः बाहेर पडणं आणि मदत बोलावणं," भावोजी गच्चीवर सांगत होते. "मी तेच केलं. कुंदा थोडी घाबरली, बायकांचं होतं असं." ताई पट्टी बांधलेल्या हाताने सगळ्यांना बर्फी देत होती. ती एक शब्दही बोलली नाही. घरीसुद्धा नाही. मी चिडून तिला म्हटलं, "तू ऐकून कसं घेतेस गं?" तर म्हणाली, "त्यांना कळेल तेव्हा कळेल." मला एवढा धीर नाही.

अट अट होती. भावोजींनी बोट विकायला काढली. अंधेरीचा देवेश नावाचा एक माणूस बघायला आला, तेव्हा आम्ही तिघं पुन्हा जेटीवर होतो. त्याने शीड पाहिलं, केबिन पाहिली, जळकी फळी पाहिली.

"बोट तर झकास आहे. मग का विकताय?"

"काय सांगू," भावोजी म्हणाले, "मिसेसना भीती बसलीय."

ताई पुढे झाली. "मला भीती नाही बसली," ती देवेशला म्हणाली. "त्या दिवशी मी आत होते. आग मी विझवली."

देवेशने साहजिकच विचारलं, "मग हे कुठे होते?"

भावोजींनी नियम सांगायला उचलावं तसं बोट उचललं, पण ते अर्ध्यातच खाली आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आगी उकरणारा माणूस त्या जळक्या फळीकडे बघत राहिला.

"मी पळालो," ते म्हणाले. "पेटत्या शेगडीत मीच ओतलं. आणि हिला आत टाकून मी पळालो."

देवेश बिचारा चपलांकडे बघायला लागला. भावोजींचे डोळे भरले होते, आणि मला पहिल्यांदाच त्यांची दया आली, म्हणजे थोडीशी. मी असते तर बोट त्याच दिवशी विकली असती, जमलं असतं तर आरोलकरांसकट.

ताईने मात्र देवेशला हात जोडले. "माफ करा, तुम्हाला उगाच इतक्या लांब आणलं. बोट विकायची नाही."

भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तू येणार?"

"येणार," ताई म्हणाली. "पण केबिनमध्ये दाराशी मी बसणार. तुम्ही आतल्या बाजूला."