दोरीवरचं धोतर

आमच्या दौंडच्या देवळात, म्हंजे चर्चमध्ये, रविवारी पोरांना जुन्या करारातल्या गोष्टी मीच सांगायची. सासरे मागं सतरंजीवर बसून ऐकायचे.

दुष्काळाच्या साली एका सकाळी ते न्हाणीत घसरून पडले. घरात मी एकटी. दार ढकललं, बघितलं, आन् पहिलं काय केलं सांगू? पदर नाकापर्यंत ओढला. सासऱ्याला तोंड दाखवायचं न्हाई, ही रीत बाप्तिस्मा घेऊनही आमच्यातनं गेली नव्हती. तशीच गल्लीत पळाले, "धावा हो, मामंजी पडले!"

आठ-दहा जण घुसले, बायासुद्धा. मामंजी दोन्ही हातांनी लाज झाकत ओल्या फरशीवर पडलेले. त्यांचं धोतर दाराशीच दोरीवर होतं. शेजारच्या आप्पांनी ते ओढून त्यांच्यावर टाकलं. मला म्हणाले, "पोरी, स्वतःला झाकलंस व्हय? आधी म्हाताऱ्याला झाकायचं!"

मामंजी बरे झाले, परत रविवारी सतरंजीवर येऊन बसू लागले.

पुढं एका रविवारी मी महापुरातल्या तारवाची गोष्ट सांगितली आन् पाणी ओसरल्यावर थांबले. मागनं मामंजी म्हणाले, "सूनबाई, अजून हाय की. सांगा."

मग सांगितलं. तारू बांधणारा तो म्हातारा पिऊन तंबूत उघडा पडला. एका लेकानं बघितलं आन् बाहेर जाऊन सांगितलं. दुसऱ्या दोघांनी खांद्यावर वस्त्र घेतलं, पाठमोरे आत गेले, न बघताच बापाला झाकलं.

एका पोरीनं विचारलं, "बाई, पहिला वाईट होता का?"

मी पदराआडनं म्हणाले, "व्हय."