सगळ्या फोनवर सरळ

आमच्या दुकानात जुने फोन आणि किस्से, दोन्ही आपोआप साचतात. फोन टेबलावर, किस्से डोक्यात. कोपर स्टेशनजवळ दहा बाय बाराची खोली, तिथे माझा दादा गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवायचा. मी दहावीत दोनदा उडालेलो. माझं काम एकच, पान सगळ्या फोनवर, सगळ्या ब्राउझरमध्ये उघडायचं आणि कुठे वाकडं दिसतंय ते ओरडून सांगायचं.

दादा जाऊन दोन महिने झाले. आई म्हणते, दुकान बंद कर. मी म्हटलं, त्याचं अर्धं राहिलेलं एक पान सरळ करून दाखवतो, मग बोल.

*

दादाच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी "सगळं ओके" सांगून टाकलेलं. संध्याकाळी क्लासवाल्या सरांचा फोन. त्यांचाच फोटो टाइमटेबलवर चढलेला, गणित कधी ते पोरांना दिसेना. दादाने विचारलं, किती फोनवर बघितलंस? मी म्हटलं, एकावर. बाकीच्यांना चार्जिंग नव्हतं.

रागावला नाही. खुर्चीखालचा एक्स्टेंशन बोर्ड काढून माझ्या गळ्यात घातला.

*

ठाण्यातल्या कोपरीच्या नाईक काकांच्या फोनवर त्यांच्या पानाचा मेनू खाली कोसळायचा. गेलो तर त्यांनी फोनची अक्षरं केवढीतरी मोठी केलेली. मी सेटिंगमध्ये जाऊन ती बारीक केली. मेनू जागेवर! छाती फुगवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दादाने मला परत कोपरीला नेलं. काकांना फोनमधलं काहीच वाचता येत नव्हतं. दादाने अक्षरं मोठी केली आणि मला म्हणाला, "रात्रीपासून मुलीचे मेसेज पडलेत. वाच आता मोठ्याने."

सदतीस मेसेज. त्यातले सहा जावयाबद्दल.

*

कोड लिहायला ठाण्याहून स्नेहलताई येते. ती म्हणते, ब्राउझरचं काम म्हणजे आखूड चादर. इकडे ओढली की तिकडे पाय उघडे. एकदा वैतागून म्हणाली, गिऱ्हाईकालाच सांगूया, दुसरा ब्राउझर वापरा.

दादा म्हणाला, "सांग. पण आधी तुझ्या सासूबाईंना सांगून बघ."

तिने परत लॅपटॉप उघडला.

*

दादा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा त्याने सिस्टरचा फोन मागून घेतला आणि त्यात काम चालू असलेलं पान उघडलं. सिस्टर ओरडल्या, सलाइनचा हात हलवू नका. त्याने दुसऱ्या हाताने मला फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "बटणांची पट्टी उजवीकडे सरकतेय. बघ."

मी न बघताच "ओके" पाठवलं. त्याचा तो शेवटचा मेसेज.

*

दादाचं अर्धं राहिलेलं ते पान आंबिवलीच्या मसालेवाल्या काकूंचं. माल संपला की त्या स्वतः पानावरचं "आज संपलं" हे बटण दाबतात. बटण भलतंच रुंद, त्याच्यामुळे पट्टी सरकायची. स्नेहलताईने ते इतर बटणांएवढं केलं. मी नऊच्या नऊ फोन चार्ज करून एकेकावर बघितलं. सगळीकडे सरळ. मग आईला बोलावून आणलं. तिने नऊही फोन पाहिले, एक पदराने पुसला.

तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"बाळा, माझं बोट थरथरतं रे. दादाला सांगितलेलं मी, म्हणून त्याने मोठं केलेलं. ते बटण आता सापडतच नाही."

स्नेहलताईने बटण पुन्हा पहिल्याएवढं रुंद केलं. मी परत सगळे फोन उघडले.

"दोन फोनवर वाकडं दिसतंय," मी म्हटलं.

"मग?" स्नेहलताईने विचारलं.

"राहू दे."

आई दारात चपला घालत होती. म्हणाली, "उद्या डबा किती वाजता देऊ?"