तहाच्या सभेचा अध्यक्ष
शांतता ही मोठ्या माणसांनी मोठ्या खुर्च्यांवर बसून प्रस्थापित करायची गोष्ट आहे. काल कामशेतच्या बाजारात नव्या इंद्रायणी तांदळाचा वास आला आणि तशी एक सभा आठवली. ओढ्याच्या पाण्यावरून डोकी फुटल्यावर आमच्या दोन वाड्यांनी एकमेकांच्या भातलावणीला जाणं सोडलं होतं आणि रोपं जून होत चालली होती. देवळात पुरुष तासभर अध्यक्ष कोण यावरच भांडत होते. तेवढ्यात बाहेर ताटकळलेली आमच्या वाडीतली एक मावशी पायरी चढली. "लावणी आमी करायची आन् ठरवनार तुमी? आमाला इचारलंय का कुनी?" पलीकडच्या वाडीतली म्हातारी लगेच म्हणाली, "उद्या आमी तुमच्यात येतो, परवा तुमी या. पानी दिसाआड." सभांना जांभया देणारा मी चक्क टाळ्या वाजवत उठलो; बायका तर पदर खोचून रोपं उपटायला निघाल्यासुद्धा! पाण्याच्या पाळ्या आजही तशाच चालतात. अध्यक्ष अजून ठरलेला नाही.